इमारतींच्या नियमांचा प्रवास : दिल्लीच्या पुस्तकापासून आपल्या जिन्यापर्यंत



रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काहीतरी इतिहासाचं लिहा" असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. सोसायटीचा इतिहास या अंकात इतरांनी लिहिला आहेच, तो पुन्हा मी कशाला सांगू? म्हणून जरा वेगळा विषय घेतला. आपण ज्या इमारतीत राहतो, ज्या दुकानांत आणि ऑफिसांत आपली मुलंबाळं रोज जातात, त्या इमारती ज्या नियमांनी बांधल्या जातात त्या नियमांचा हा इतिहास आहे.

बँकेच्या नोकरीत गृहकर्जाच्या आणि व्यापारी गाळ्यांच्या पुष्कळ फायली हाताखालून गेल्या. मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र, सगळी कागदपत्रे जागच्या जागी आहेत ना, हे आम्ही पाहायचो. हे कागद ज्या नियमांखाली निघतात ते नियम कुठून येतात, कोण बदलतो, आणि बदलले तर जुन्या इमारतीचे काय होते, याची माहिती निवृत्तीनंतर सवडीने वाचली. ती तुमच्यापुढे ठेवतो. विषय रुक्ष वाटेल, पण तसा तो नाही. या नियमांच्या जवळजवळ प्रत्येक पानामागे माणसे गेलेली आहेत.

आधी संकट, मग नियम

सुरुवात मुंबईपासून करू. १८९६ साली मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली आणि बघता बघता शहरभर पसरली. हवा नाही, उजेड नाही, खोलीला खोली चिकटलेली, अशा घरांत माणसे दाटीने राहत होती. त्यानंतर १८९८ साली कायदा होऊन सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टच्या काळात मुंबईत "साडेत्रेसष्ट अंशांचा नियम" प्रसिद्ध झाला. कोनाचे गणित सोडून द्या. साधा अर्थ असा की, इमारत जेवढी उंच, तिच्या निदान निम्मी मोकळी जागा शेजारी हवी, म्हणजे खालच्या खोलीतही उजेड पोचेल. आज आपण बिल्डरला "साइड मार्जिन किती सोडलं?" असे विचारतो, त्या प्रश्नाचे मूळ एका साथीच्या रोगात आहे.

पुढेही हेच घडत आले. आग लागली की जिन्याचा नियम, भूकंप झाला की कॉलमचा नियम. माणसाचा स्वभावच असा आहे, त्याला काय करणार? पण नियम लिहिला गेला म्हणजे तो लागू झाला असे मात्र नाही. पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

दिल्लीचे पुस्तक

स्वातंत्र्यानंतर बांधकामे वाढली, पण प्रत्येक नगरपालिकेची नियमावली वेगळी, आणि बहुतेक ठिकाणी ती जुनाट. नवे सामान, नवी पद्धत वापरायची तर नियमात बसत नाही, अशी तक्रार होती. तेव्हा नियोजन आयोगाने देशभरासाठी एकच संहिता तयार करण्याचे काम भारतीय मानक संस्थेकडे, म्हणजे आजच्या बीआयएसकडे सोपवले. १९६७ साली मार्गदर्शक समिती नेमली गेली आणि १९७० साली "राष्ट्रीय इमारत संहिता" प्रसिद्ध झाली. पुढे १९८३, २००५ आणि २०१६ साली तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

या संहितेत पायापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळे आहे. आगीच्या प्रकरणात इमारतींचे वापरानुसार नऊ गट केले आहेत. राहती घरे, शाळा, रुग्णालये वगैरे संस्था, सिनेमागृह-हॉटेलसारख्या गर्दी जमण्याच्या जागा, ऑफिसे, दुकाने, कारखाने, गोदामे आणि धोकादायक मालाच्या जागा. हे गट महत्त्वाचे आहेत, कारण चार भिंती त्याच असल्या तरी आत काय चालते यावर धोका ठरतो. दुकानात माणूस येतो, वस्तू घेतो आणि जातो. हॉटेलात तो तासभर बसतो आणि बाजूला भट्टी पेटलेली असते. साहजिकच बाहेर पडण्याच्या वाटा किती आणि किती रुंद हव्यात याचे हिशेब वेगळे.

आता मुख्य मुद्दा. ही संहिता कायदा नाही. ती शिफारस आहे, नमुना आहे. आपल्या सभासदांना हे पटकन समजेल, कारण सहकार खात्याचे "आदर्श उपविधी" आपण पाहिले आहेत. खात्याने आदर्श उपविधी छापले म्हणून ते आपोआप आपले होत नाहीत. सर्वसाधारण सभेत ठराव करून ते स्वीकारावे लागतात, निबंधकांची मंजुरी घ्यावी लागते, मग ते आपल्याला बांधील होतात. राष्ट्रीय संहितेचेही तसेच. राज्य सरकारने किंवा महापालिकेने ती आपल्या नियमावलीत घेतली तर ती लागू, नाही घेतली तर कपाटात.

याचे कारण घटनेत आहे. स्थानिक स्वराज्य संस्था आणि जमीन हे विषय राज्यांच्या सूचीत आहेत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही बांधकामांचे नियमन आणि अग्निशमन ही कामे नगरपालिकांकडे देण्याजोगी म्हणून नमूद आहेत. दिल्ली सल्ला देऊ शकते. अंमल मुंबईने आणि गावोगावच्या पालिकांनी करायचा.

पुस्तक आणि राजपत्र यांमधले अंतर

एक उदाहरण देतो. राष्ट्रीय संहितेच्या दृष्टीने १५ मीटर आणि त्याहून उंच इमारत "उंच इमारत" ठरते, म्हणजे आगीच्या दृष्टीने जास्त कडक अटी सुरू. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मात्र ही मर्यादा २४ मीटर होती. यात लगेच कोणाचे काळेबेरे आहे असे समजू नये. मुंबईच्या अग्निशमन दलाच्या शिड्या आणि लहान गावातले बंब यांत फरक आहेच. पण लक्षात घ्या, एकाच देशात, एकाच उंचीची इमारत, एका पुस्तकाप्रमाणे उंच आणि दुसऱ्याप्रमाणे साधी.

भूकंपाचे उदाहरण आणखी बोलके आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. भूकंपाच्या नकाशात तो भाग झोन एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. हजारो माणसे गेली. नकाशा सुधारून झोन एक रद्द झाला तो २००२ साली, मध्ये नऊ वर्षे गेली. म्हणजे किल्लारीच्या बाबतीत पुस्तकच चुकलेले होते.

२६ जानेवारी २००१ च्या गुजरातच्या भूकंपाची गोष्ट उलटी. भूकंपाचा केंद्रबिंदू कच्छमध्ये, पण दोनशेहून अधिक किलोमीटरवर अहमदाबादेत सिमेंट-काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या कितीतरी इमारतींखाली पार्किंगसाठी मोकळा तळमजला होता, नुसते कॉलम उभे. पुस्तक इथे चुकलेले नव्हते. भूकंपात तग धरण्यासाठी कॉलमच्या रिंगा जवळ जवळ हव्यात, त्यांची टोके आतल्या बाजूला १३५ अंशांत वळवलेली हवीत, हे सांगणारे मानक १९९३ पासून छापील होते. पण ते पाळलेच पाहिजे अशी सक्ती नव्हती आणि कोणी तपासतही नव्हते. रिंगचे टोक थोडे कमी वळवले तर लोखंड वाचते किती? नगण्य. पण त्यावर आख्खा कॉलम फुटायचा की टिकायचा हे ठरते.

म्हणून माझे म्हणणे असे की, नियमाला तीन पायऱ्या आहेत. पुस्तक अद्ययावत हवे, राज्याने ते राजपत्रात आणून लागू करायला हवे, आणि जागेवर जाऊन पाहणारा कोणी हवा. बँकेतही हेच असते. मुख्य कार्यालयाचे परिपत्रक निघाले म्हणजे शाखेत अंमल झाला असे होत नाही. म्हणून तर तपासनीस येतात.

दुकाने, ऑफिसे, थिएटरे

राहत्या घरांपेक्षा व्यापारी इमारतींत प्रश्न जास्त अवघड असतो, कारण तिथे वापर सतत बदलतो. नकाशा मंजूर होतो एकदा. नंतर आत काय काय होते याला हिशेब नसतो.

१३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात ५९ प्रेक्षक दगावले. आग खाली ट्रान्सफॉर्मरपाशी लागली आणि धूर वर बाल्कनीत गेला. तिथे जादा खुर्च्या बसवताना बाहेर पडण्याची एक वाट बंद झालेली होती. मूळ नकाशात ती वाट होती!

महाराष्ट्राने "महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६" हा कायदा केला. राष्ट्रीय संहितेतल्या आगीच्या प्रकरणाला आपल्या राज्यात कायद्याचे बळ मिळाले ते यामुळे. या कायद्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे इमारत बांधून बिल्डर गेला तरी जबाबदारी संपत नाही. ती मालकावर आणि भोगवटादारावर येते. बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत आहे असे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे असते.

कायदा झाला, तरी २१ जून २०१२ रोजी खुद्द मंत्रालयाला आग लागली आणि पाच जण गेले. नियम जिथून निघतात त्याच इमारतीवर ही वेळ आली. जुनी इमारत, त्यात वर्षानुवर्षे वाढत गेलेली लाकडी पार्टिशने आणि कागदांचे ढीग. जुन्या इमारतीला नव्या नियमापर्यंत आणणे किती कठीण असते ते त्या दिवशी सगळ्या राज्याने पाहिले.

मग २९ डिसेंबर २०१७, कमला मिल. जिथे एके काळी गिरणी चालत होती तिथे ऑफिसे आली, ऑफिसांच्या गच्चीवर हॉटेले आली, आणि हॉटेलांवर पटकन पेटणारे छप्पर आले. १४ जीव गेले, त्यांतले बरेचसे स्वच्छतागृहात आसऱ्याला गेले होते. गिरणी, ऑफिस, हॉटेल हे संहितेतले तीन वेगळे गट. एकाच आवारात तीनही होऊन गेले.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याने "एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली" मंजूर केली. बृहन्मुंबई आणि आणखी काही नियोजन प्राधिकरणे सोडून बहुतेक सगळ्या महाराष्ट्राला एकच नियमावली झाली. त्याआधी या शहरातून त्या शहरात गेले की नियम बदलायचे. नव्या नियमावलीत आगीच्या आणि बांधकामाच्या मजबुतीच्या बाबतीत राष्ट्रीय संहितेचा हवाला आहे. १९७० सालचा एकसूत्रीपणाचा विचार राज्यभर पोचायला अशी पन्नास वर्षे लागली.

अमेरिकेतही हेच

आपल्या सोसायटीतल्या पुष्कळांची मुले अमेरिकेत आहेत. तिथे सगळे कसे एका नियमात चालते असे आपण मानतो. इमारतींच्या बाबतीत तसे नाही. तिथेही नमुना वेगळा आणि कायदा वेगळा.

न्यूयॉर्कच्या ट्रायंगल कपड्याच्या कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी आग लागून १४६ कामगार, बहुतेक तरुण मुली, मेल्या. एक दरवाजा कुलूपबंद होता. त्यानंतर न्यूयॉर्क राज्याने चौकशी आयोग नेमून एकामागून एक कायदे केले. पुढे तिथे विभागवार तीन संस्थांच्या तीन वेगळ्या संहिता चालत. त्या संस्था १९९४ साली एकत्र आल्या आणि २००० साली पहिली एकत्रित संहिता निघाली. तिचे नाव "इंटरनॅशनल", पण वापर मुख्यतः अमेरिकेतच. दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती येते. ती कधी स्वीकारायची हे मात्र प्रत्येक राज्य ठरवते. कोणी लगेच घेते, कोणी दोन-तीन आवृत्त्या मागे असते, आणि काही राज्यांत सबंध राज्याला लागू अशी संहिताच नाही, शहर किंवा काउंटी ठरवते.

विजेच्या बचतीच्या नियमांत अमेरिकेच्या केंद्र सरकारने थोडा धाक घातला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर वातानुकूलन अभियंत्यांच्या अ‍ॅश्रे या संस्थेने १९७५ साली इमारतींसाठी पहिले ऊर्जा मानक काढले. १९९२ च्या ऊर्जा कायद्याने अशी व्यवस्था केली की, या मानकाच्या नव्या आवृत्तीने खरोखर वीज वाचते असे केंद्राच्या ऊर्जा खात्याने ठरवले, की दोन वर्षांत प्रत्येक राज्याने आपला व्यापारी इमारतींचा नियम तेवढा झाल्याचे कळवायचे.

याचा धागा आपल्यापर्यंत येतो. आपल्याकडे २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला आणि २००७ साली व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. तिच्यावर त्या अमेरिकन मानकाची छाप होती. आपल्या कायद्यानेही राज्याला स्थानिक हवामानाप्रमाणे ती बदलण्याची मुभा दिली. ते योग्यच आहे. कोकणातला दमट उकाडा आणि नागपूरचा कोरडा उन्हाळा यांना एकच भिंत आणि एकच काच कशी चालेल? २०१७ साली तिची सुधारित आवृत्ती निघाली, आणि २०२२ च्या दुरुस्तीने तिची कक्षा वाढवून मोठ्या निवासी इमारतींनाही त्यात आणण्याची सोय झाली.

नको म्हणणाऱ्यांचे म्हणणे

नवा नियम आला की विरोध होतो. तो सगळाच स्वार्थी असतो असे मी म्हणणार नाही. खर्च वाढतो आणि तो शेवटी फ्लॅट किंवा गाळा घेणाऱ्याच्या माथी येतो. लहान गावातल्या कंत्राटदाराला आणि पालिकेच्या अभियंत्यालाही नवे पुस्तक शिकावे लागते. जिथे पाणीच दोन दिवसांआड येते तिथे स्प्रिंकलरची टाकी कशी भरलेली राहणार, हा प्रश्न खरा आहे. नियम कडक आणि तपासणी ढिली असली तर नियम फक्त चिरीमिरी वाढवतात, हेही आपण अनुभवाने जाणतो.

पण याचे उत्तर नियम जुनाच ठेवणे हे नाही. खर्च मांडायचा तर दोन्ही बाजूंनी मांडावा. आम्ही बँकेत कर्ज देताना फक्त हप्ता पाहत नसू, बुडीत निघाले तर काय याचाही विचार करत असू. इमारतीच्या बाबतीत जे बुडते ते परत वसूल करता येत नाही.

आपली इमारत कोणत्या बाजूला?

आता घरचा विषय. आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली, म्हणजे इमारतीचा नकाशा १९९० च्या दशकातला. जरा तारखा जुळवून पाहा. गुजरातच्या भूकंपाआधीचा. २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याआधीचा. काँक्रीटचे मुख्य मानक २००० साली बदलले आणि सळईच्या काँक्रीटसाठी किमान दर्जा एम-१५ वरून एम-२० झाला, त्याच्याही आधीचा. नवा नियम सर्वसाधारणपणे नव्या नकाशाला लागतो. त्यामुळे त्या वेळच्या नियमांप्रमाणे आपले सगळे कागद बरोबर आहेत, पण आजच्या नियमाशी ताडून पाहिले तर आपण मागच्या आवृत्तीत राहतो. घाबरण्याचे कारण नाही. राज्यातल्या हजारो सोसायट्यांची हीच स्थिती आहे. पण गाफील राहण्याचेही कारण नाही.

आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी करायचे असते. आणखी पाच वर्षांनी आपण दुसऱ्या गटात जाऊ. तेव्हा सिंकिंग फंडाचा विचार आजच करायला हवा. ऑडिटचा अहवाल आला की तो फाइलला लावून मोकळे न होता सर्वसाधारण सभेत वाचला जावा, अशी माझी विनंती आहे.

दुसरे, तळमजल्यावरचे गाळे. गाळेधारक आपलेच सभासद आहेत आणि त्यांच्या पोटापाण्याच्या आड कोणी येऊ नये. पण गाळ्याचा वापर बदलतो तेव्हा वरच्या सगळ्या मजल्यांचा धोका बदलतो. वह्यापुस्तकांच्या दुकानाच्या जागी उद्या खानावळ आली, आत चार सिलिंडर आले, तर तो विषय एकट्या गाळ्याचा राहत नाही. परवानगी, अग्निशमन दलाचा दाखला आणि विजेचा वाढीव भार या तिन्हींचे कागद समितीने मागावेत. मागणाऱ्याला वाईट म्हणू नये.

तिसरी गोष्ट बिनखर्चाची आहे. जिन्यातल्या सायकली, कुंड्या, जुनी कपाटे आणि चपलांचे स्टँड. जिना ही इमारतीची आणीबाणीची वाट आहे, तिथे सामान ठेवायचे नाही. गच्चीच्या दाराचे कुलूप हा तर प्रत्येक सोसायटीतला जुना वाद. बँकेच्या शाखेतही हा पेच असायचा. चोराच्या भीतीने मागचे दार बंद ठेवावे, तर आगीच्या वेळी तेच दार हवे. कुलूप लावायचेच असेल तर किल्ली त्याच मजल्यावर, काचेच्या पेटीत, सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी असावी. रात्री दोन वाजता धुरात चाचपडत कोणी सेक्रेटरींच्या घरी किल्ली मागायला जाणार नाही.

पुस्तके दिल्लीत बदलतील, राजपत्र मुंबईत निघेल, पण शेवटची पायरी आपल्या सभेत चढायची असते. तिथे कोरमसाठी अर्धा तास थांबावे लागते, हे तुम्ही जाणताच. पुढच्या वार्षिक सभेला स्ट्रक्चरल ऑडिट आणि अग्निसुरक्षा हे दोन विषय पत्रिकेवर वरच्या क्रमांकाला असावेत आणि प्रत्येक घरातून निदान एक जण यावा, ही या ज्येष्ठ सभासदाची सर्वांना विनंती.

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत लिहायला मी असेन की नसेन, सांगता येत नाही. आज जी मुले जिन्यातून धावत खाली खेळायला जातात, त्यांतले कोणीतरी लिहील. त्यांना जिना मोकळा मिळो आणि इमारत धडधाकट मिळो. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा!